पनवेल नावाचं भात

परवा पेणच्या खारेपाटात एका बातमीसाठी गेलो होतो. बांध फुटल्याची बातमी, दर पावसाळ्यात असते तशीच. चहाच्या टपरीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते. कुठून आलात, विचारलं. म्हटलं, पनवेलहून. तर हसून म्हणाले, "पनवेल तं आमच्या खारीत पिकतं."

मला वाटलं आजोबा चेष्टा करतायत. पण चेष्टा नव्हती. 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' या भाताच्या जाती आहेत. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या. आपल्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून निघालेल्या. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं.

मंडळी, वीस वर्षं या गावात पत्रकारिता करतोय. कुठल्या सेक्टरमध्ये स्क्वेअर फुटाचा भाव काय, हे झोपेतून उठवलं तरी सांगीन. पण आपल्या गावाच्या नावाचं भात आहे, हे मला पेणच्या टपरीवर कळलं. लाज वाटली. म्हणून घरी येऊन वाचायला बसलो, चार जुन्या माणसांशी बोललो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

ही गोष्ट समजायची तर आधी खार समजायला हवी. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात खाडीकाठची जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. उधाणाच्या भरतीला मुंबईजवळ पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं. बांध नसेल तर ते थेट शेतात. म्हणून आपल्या पूर्वजांनी खाडीला माती-दगडाचे बांध घातले आणि आतली जमीन पिकाखाली आणली. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या अशा जमिनींची 'शिलोत्री' म्हणून नोंद आहे. बांधाची देखभाल गावाने मिळून करायची, त्याला 'जोळ' म्हणत. बांधाला खांड पडली की ज्याची जमीन तो तर यायचाच, पण बाकीचं गावही घमेली घेऊन यायचं. कारण पाणी एकाच्या शेतात शिरलं की दुसऱ्याच्या शेतात जायला वेळ लागत नाही.

आता यातली खरी गंमत बघा. बांध घातला, समुद्र अडवला. पण पावसाचं पाणी? कोकणातला पाऊस, तो आत साचून राहिला तर भात कुजणार. त्यावरचं उत्तर म्हणजे 'उघाडी'. बांधात ठेवलेलं दार, खाडीच्या बाजूला उघडणारं. भरती आली की खाडीचं पाणी दाराला बाहेरून ढकलतं आणि दार आपोआप बंद होतं. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली, की आत साचलेलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, वॉचमन नाही. दिवसातून दोनदा समुद्र स्वतःच कुलूप लावतो आणि स्वतःच काढतो. आज इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हेच 'फ्लॅप गेट' नावाने शिकवतात.

पण उघाडीची दुरुस्ती करायची, बांधावर माती टाकायची, तर भरती कधी येणार हे आधी माहीत हवं. इथे गणित आलं. खाडीकाठच्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा.

हे बरोबर का येतं, ते कागदावर करून पाहिलं. चंद्राच्या एका फेऱ्यात, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत, तीस तिथी. तेवढ्या काळात भरतीची वेळ सरकत सरकत पूर्ण २४ तास फिरून येते. २४ तासांना तीसने भागलं की एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं. तीन मिनिटांचा फरक! तो साठत जातो, पौर्णिमेपर्यंत पाऊण तासावर जातो. पण तोंडी करायच्या हिशेबाला आणखी काय हवं? वर खाडीत आत आलं की पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढं धरायचं, एवढं प्रत्येक गावाला ठाऊक.

हेच गणित सायबाने मोठ्या थाटात केलं. लॉर्ड केल्विनने १८७० च्या दशकात भरतीचं भाकीत करणारं दात्याचाकांचं यंत्र बनवलं. पुढे तसंच एक यंत्र खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी तयार झालं. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राची पातळी मोजणं सुरू झालं, त्याच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. हिंदी महासागरातल्या सगळ्यांत जुन्या सलग नोंदींपैकी ही एक. आज समुद्र किती वाढला, हे जगातले शास्त्रज्ञ बोलतात तेव्हा त्यात आपल्या समोरच्या या बंदराचे आकडे असतात.

बांध झाला, भरती झाली. आता बियाणं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. भात पाण्यात वाढतं खरं, पण मीठ त्याला सोसत नाही. मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि सोडियम पानांपर्यंत पोचलं की पानं टोकाकडून करपत येतात. त्यातही रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात असताना फटका जास्त. म्हणून खारीतला शेतकरी आधी दोन-चार चांगले पाऊस होऊ देतो. जमिनीतलं मीठ धुऊन खाली जाऊ देतो. मग काही ठिकाणी लावणीऐवजी मोड आलेलं बी चिखलात फेकतो, त्याला 'रहू' म्हणतात.

आणि बी कुठलं? काळा रता, भुरा रता. तांबड्या दाण्याचं हे भात पिढ्यान् पिढ्या खारीत टिकलं. कुणी प्रयोगशाळेत बनवलं नव्हतं. बांध फुटून खारं पाणी आलं, त्या वर्षी जी रोपं जगली त्यांचंच बी पुढच्या वर्षीसाठी राखलं. शंभर वेळा बांध फुटला असेल तर शंभर वेळा ही परीक्षा झाली. त्यात नापास झालं ते भात आज अस्तित्वात नाही.

या भाताची अडचण एकच. उंच वाढायचं, लोळायचं, उतारा कमी. तिकडे १९६६ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर ८' नावाचं बुटकं, भरघोस भात काढलं. खत घाला, लोळणार नाही. पण खारीत ते टिकणारं नव्हतं. मग आपल्याकडच्या संशोधकांनी दोघांचं लग्न लावलं. भुरा रत्याची निवडलेली वाण 'भुरा रता ४-१०' आणि 'आयआर ८', यांच्या संकरातून पनवेल १ आणि पनवेल २ आले. म्हणजे या भाताचं एक घराणं मनिलाजवळचं आणि दुसरं आपल्या आगरी-कोळ्यांच्या बांधावरचं!

आता कुणी म्हणेल, नवी जात जुनीपेक्षा चांगली, हे ठरवलं कसं? शेजारी शेजारी लावून बघितलं की झालं. तिथेच तर मेख आहे. खारीत बांधाजवळचा तुकडा जास्त खारा, आतला कमी. नवी जात आतल्या तुकड्यात लावली, जुनी बांधाजवळ, तर नवी जिंकणारच. तो बियाण्याचा विजय नव्हे, जागेचा.

यावरचा उपाय इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने १९२० च्या दशकात शोधला. शेताचे सारख्या कसाचे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात सगळ्या जाती लावा, कुठली कुठे लावायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि हे पुन्हा पुन्हा करा. मग फरक नशिबाचा की बियाण्याचा, हे गणित सांगतं. हे शास्त्र भारतातल्या शेती संशोधकांच्या हाती दिलं ते दोन मराठी माणसांनी. डॉ. विनायक गोविंद पानसे आणि डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा, लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले. दोघांनी मिळून लिहिलेलं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स' हे पुस्तक १९५४ मध्ये आलं. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही 'पानसे-सुखात्मे' विचारा, पटकन ओळखेल.

आणि याच दोघांचं दुसरं काम आपल्या रोजच्या बातमीत आहे. पूर्वी पीक किती आलं ते सरकारी माणूस बांधावर उभा राहून नजरेने ठरवायचा. आणेवारी. त्याची नजर बरी तर शेतकऱ्याचं बरं. १९४० च्या दशकात पानसे-सुखात्म्यांनी गावं, शेतं आणि शेतातला तुकडासुद्धा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडून, तेवढंच पीक कापून, झोडून, वजन करायची पद्धत बसवली. आजही पीकविम्याचं भांडण 'पीक कापणी प्रयोगा'पाशी येऊन थांबतं, ते यांचंच देणं. सुखात्मे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत गेले. जगात भुकेले किती, हे मोजण्याचं काम त्यांनी तिथे केलं.

राहिला प्रश्न एकच. भुरा रता किंवा त्याची भावंडं खारीत जगतात ती कशामुळे? त्याचं उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं. चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी बंगालच्या 'नोना बोक्रा' या भातातला एक जनुक शोधून काढला. नोना म्हणजे खारट. म्हणजे तेही खाडीकाठच्या शेतकऱ्यांनीच राखलेलं भात. हा जनुक एक प्रथिन बनवतो, आणि ते प्रथिन मुळातून वर चाललेल्या रसातलं सोडियम वाटेतच काढून घेतं. पानापर्यंत मीठ पोचूच देत नाही.

हे वाचलं आणि मी थांबलो. खारं पाणी दारात अडवायचं, गोडं जाऊ द्यायचं. अहो, ही तर उघाडीच झाली! आपल्या लोकांनी बांधात एक उघाडी बसवली होती आणि नकळत दुसरी बियाण्यात राखली होती. केरळच्या 'पोक्काली' भातातही असाच गुण सापडला, आणि आज तो नव्या जातींमध्ये घालण्याचं काम देशोदेशी चाललंय. समुद्र चढतोय, डेल्टांमधली शेतं खारी होतायत. उद्या जगाला जे बी लागणार, ते आपल्यासारख्या खाडीकाठांवरूनच जाणार आहे.

आणि आपल्या खाडीकाठाचं काय चाललंय?

इतिहास सरळ सांगतो. बांध घालणारे हात कुळांचे, मालकी खोतांची. म्हणून १९३३ मध्ये अलिबागच्या चरीत नारायण नागू पाटलांनी शेतकऱ्यांचा संप उभा केला. तो सहा वर्षं चालला, बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठबळ दिलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा झाला, पुढे १९७९ मध्ये नवा आला, बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. हेतू चांगलाच. पण गावाची जोळ हळूहळू मोडली. आता खांड पडली की गाव घमेली घेत नाही, अर्ज लिहितं. अर्ज फिरेपर्यंत दोन उधाणं येऊन जातात. शेतात खारं पाणी मुरतं, कांदळवन उगवतं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी केली. खाडी वाचायला ती हवीच होती. पण बांध वेळेत न दुरुस्त झाल्यामुळे ज्याच्या भातशेतीत तिवर वाढले, त्या शेतकऱ्याने कुणाकडे बघायचं?

पनवेल-उरण बाजूला तर बांधाचाच प्रश्न उरला नाही. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत त्यासाठी पाच माणसं गोळीबारात गेली. आता विमानतळ झाला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, भराव टाकून जमीन उंच केली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, त्याची बातमी मीही केली. विमानतळ नको असं मी म्हणत नाही. माझ्याही घरातली मुलं तिथे नोकरीची वाट बघतायत.

पण २६ जुलै २००५ ची रात्र पनवेलकर विसरले नसतील. गाढी नदीचं पाणी घराघरात होतं. भरती असताना पाऊस पडला की पाण्याला थांबायला जागा लागते. ती जागा म्हणजे खार होती. उघाडी उघडेपर्यंत पाणी तिथे दम खायचं. तिथे आता टॉवर आहेत, आणि टॉवरला उघाडी नसते. टपरीवरचे ते आजोबा निघताना एवढंच बोलले, "पानी वाट इसरत नाय."

मागणी मोठी नाही. शहर वाढवताना भरती, पाऊस आणि पाण्याची जागा यांचा हिशेब आधी लोकांसमोर मांडा, एवढंच महापालिकेला आणि सिडकोला सांगायचंय. तिथीची पाऊणपट करणाऱ्या आजोबांनाही तो समजेल अशा भाषेत मांडा. आणि आपल्या शाळांमधल्या पोरांना एकदा तरी खार जमीन संशोधन केंद्रात न्या. जीवशास्त्र, गणित, इंजिनिअरिंग हे तीन वेगळे तास आहेत, हा त्यांचा समज तिथे एका बांधावर उभं राहून जाईल.

तुमच्या घरात कुणी खारी केलेल्या असतील, उघाडीवर बसलेलं असेल, काळ्या रत्याची पेज प्यायलेलं असेल, तर खाली लिहा. तुमच्या खारीचं नाव काय होतं, तेही लिहा. प्रत्येक खारीला नाव असायचं. आज तिथे सेक्टरचा नंबर असेल, तो नको. नाव लिहा.