अतालता, यांत्रिक कारणांनी होणारी

हृदयस्पंदनांचा नियमित क्रम ज्या विकारात बिघडतो त्यास अतालता म्हणतात. रक्तातील क्षारांचे असंतुलन, औषधांचा अनिष्ट परिणाम, जन्मजात दोष ही तिची कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु आघात, ताण, स्पर्श अशा निव्वळ यांत्रिक कारणांनीही ती उद्भवते, आणि तेथे त्या बलाचा बंदोबस्त करणे हाच मुख्य इलाज ठरतो.

विद्युत्-संदेश मिळताच हृदयस्नायू आकुंचन पावतो हे जितके खरे, तितकेच तो ताणला गेला असता पेशींच्या आवरणांतील ताणसंवेदी मार्गिका उघडून त्यांतून नवा विद्युत्-संदेश जन्मास येऊ शकतो, हेही खरे आहे. अतिदक्षता विभागात मानेच्या नीलेतून मार्गदर्शक तार आत सरकविताना तिचे टोक निलयाच्या भिंतीस टेकले की पडद्यावर रुंद, अवेळी ठोके उमटू लागतात, आणि तार थोडी मागे ओढताच ते बहुधा थांबतात. म्हणून आलेखावर नजर ठेवूनच तार पुढे नेण्याचा दस्तूर आहे.

या वर्गातील सर्वांत भयावह प्रकार म्हणजे ‘कमोशिओ कॉर्डिस’. यात छातीवर बोथट आघात होतो, फासळी मोडत नाही, हृदयासही जखम होत नाही, तरीही निरोगी माणूस क्षणार्धात कोसळतो. बळी बहुधा वीस वर्षांखालील मुलगे असतात, कारण त्या वयात छातीचा पिंजरा पातळ व लवचीक असतो. बोस्टन येथे मार्क लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या लहान डुकरांवर केलेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, बेसबॉलच्या आकारमानाची व वजनाची वस्तू हृदयाच्या नेमक्या वर आदळली आणि तो क्षण विद्युत्-हृल्लेखातील ‘टी’ तरंगाच्या शिखरापूर्वी सुमारे 15 ते 30 मिलिसेकंदांचा असला, तर निलयांचे तंतुकंपन सुरू होते. त्याच्या आगेमागे बसलेल्या तडाख्याने ते होत नाही. पुढील प्रयोगांत सर्वाधिक धोका ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाला दिसला, त्याहून अधिक वेगाला नव्हे. म्हणजे शाळकरी मुलांच्या सामन्यात चेंडूला जो वेग सहज येतो, तोच येथे घातक ठरतो.

स्पंदनातील तो क्षण टाळणे कोणाच्याही हाती नाही. म्हणून तरतूद करावयाची ती आघाताची व त्यानंतरच्या मिनिटांची. मऊ चेंडूंनी धोका घटतो असे याच प्रयोगांतून दिसले. बाजारातील अनेक छातीरक्षकांनी मात्र अपेक्षित संरक्षण दिलेले नाही, आणि ते बांधले की मूल सुरक्षित झाले असे पालकांनी मानू नये. कोसळलेल्या खेळाडूच्या छातीवर तत्काळ दाब देणे आणि पहिल्या तीन मिनिटांत डिफिब्रिलेटरचा विद्युत्-धक्का देणे यांवरच जीव अवलंबून असतो. 2 जानेवारी 2023 रोजी सिनसिनाटी येथील अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डमार हॅम्लिन हा खेळाडू छातीवर आघात होऊन पडला, मैदानावरच हे उपचार मिळाल्याने वाचला, आणि पुढील हंगामात पुन्हा खेळला. ज्या मैदानावर मुले कठीण चेंडूने क्रिकेट खेळतात तेथे हे यंत्र आणि ते चालविणारा माणूस यांची सोय करण्यात हयगय होता कामा नये.

भारतात मात्र याहून फार मोठा वर्ग दीर्घकालीन ताणाने होणाऱ्या अतालतेचा आहे. लहानपणच्या घसादुखीनंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक ज्वराने द्विदल झडपेची पाने परस्परांस चिकटतात; एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटर असलेले छिद्र दीडापर्यंत किंवा त्याहूनही खाली येते; मागे साचलेल्या रक्ताच्या दाबाने डावे अलिंद वर्षानुवर्षे फुगत जाते, त्याच्या भिंतीत तंतुमय ऊतक माजते, आणि अखेर त्याचे तालबद्ध आकुंचन थांबून अनियमित कंपन तेवढे उरते. मग तेथे गुठळी धरते, ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो, आणि हे पुष्कळदा ऐन तारुण्यात घडते. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस-संसर्गावर वेळीच पेनिसिलिन दिल्यास ही साखळी मुळातच तुटते. एकदा ज्वर येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनची सुई अनेक वर्षे टोचावी लागते. मूल हिंडू-फिरू लागले म्हणजे ही सुई बंद करण्याकडे घरच्यांचा कल होतो, आणि झडपेचे खरे नुकसान त्यानंतरच्या ज्वरांनी होते. झडप आकसून गेल्यावर कांजी इनोउए यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने फुगा फुगवून छिद्र रुंद करता येते व अलिंदावरील दाब उतरतो. परंतु फार ताणलेले अलिंद त्यानंतरही पूर्ववत तालावर येईलच अशी खात्री नसते, आणि रक्त पातळ ठेवणारे औषध बहुधा चालूच ठेवावे लागते.