गहाणखत ते गृहकर्ज : एका शब्दसमूहाचे स्थित्यंतर

अर्थव्यवहाराचा इतिहास आकड्यांप्रमाणे शब्दांतही साठलेला असतो. मराठीतील कर्जविषयक शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. 'कर्ज' अरबीतून आले, 'हप्ता' फारसीतून. 'ऋण', 'गहाण' व 'तारण' यांचे मूळ संस्कृतात आहे. 'हप्ता' म्हणजे मुळात आठवडा. आज घराचा हप्ता महिन्याने भरतात, तरी शब्द तोच राहिला. शब्द टिकतो व अर्थ सरकतो, तेथे सामाजिक बदलाचा माग लागतो.

एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या कुणब्यास 'गहाण' हा शब्द असलेली जमीन गमावण्याचा सूचक होता. मे १८७५ मध्ये सुपे येथे उसळलेल्या दंग्याचा रोख प्रामुख्याने कागदावर होता. सावकारांकडील खते व रोखे हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने रोख्यामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. धनको व ऋणको यांच्यामध्ये न्यायासन उभे राहिले.

पुढील टप्पा 'पत' या शब्दाचा. १९०४ च्या सहकारी कायद्यानंतर पत ही समूहाची झाली. मुंबईत श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये शामराव विठ्ठल पतसंस्था व १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. मध्यमवर्गीयाचा निवारा येथे परस्परविश्वासावर उभा होता.

१९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी केवळ गृहकर्जासाठी स्वतंत्र वित्तसंस्था स्थापन केली आणि पुन्हा अर्थ पालटला. पत आता एकट्या व्यक्तीची झाली आणि तिचे माप म्हणजे दरमहाचे वेतन. पूर्वी असलेली मालमत्ता गहाण पडे; आता गहाण टाकूनच मालमत्ता प्राप्त होते. बोलण्यातून मात्र 'गहाण' हा शब्द लोपला व 'गृहकर्ज' हा प्रतिष्ठेचा शब्द रूढ झाला. दस्तऐवजात 'गहाण' अद्यापि आहेच.

हा शब्दभेद निरुपद्रवी नाही. २००२ च्या प्रतिभूती-अंमलबजावणी कायद्यानुसार कर्ज थकल्यास साठ दिवसांच्या नोटिशीनंतर बँकेस न्यायालयात न जाता घराचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. ऋणकोस ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, परंतु ती ही कारवाई सुरू झाल्यावर. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे १८७९ मध्ये कुणब्यासाठी धनको-ऋणकोंच्या मध्ये आणलेले न्यायासन शहरी गृहस्थाच्या बाबतीत बाजूस सरले आहे, आणि शब्द सौम्य झाल्यामुळे ते त्याच्या सहसा ध्यानीही येत नाही.

'तारण' म्हणजे तारणारे. ते प्रथम धनकोस तारते, ही गोष्ट 'गहाण' हा जुना शब्द लपवीत नव्हता. कर्जाचा इतिहास लिहिणाराने म्हणूनच व्याजदराबरोबर शब्दांच्या या पालटाचीही नोंद ठेवली पाहिजे.