बेदरचा बादशहा आणि लातूरचं पाणी

आमच्या टीममधला एकजण मध्यंतरी स्पेनला जाऊन आला. मग काय, लंचला तासभर ग्रानाडाचे फोटो! अल्हंब्राचा राजवाडा, कमानी, बागेतून खेळवलेलं पाणी, छताला चांदण्यांच्या आकाराचे झरोके असलेले हमाम.. "असलं आपल्याकडे कुठेय?" असं तो म्हणाला आणि माझ्यातला नांदेडकर जागा झाला. आहे ना राव! नांदेडहून देगलूर-औरादमार्गे तीन-चार तासांवर आहे. बिदर!

शाळेत असताना सहलीला गेलो होतो, पण तेव्हा सगळं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांवर. म्हणून या दिवाळीला घरी गेलो तेव्हा मुद्दाम परत जाऊन आलो.

खरं तर बिदर आपल्याला परकं नाही. आजीच्या गोष्टीतला 'बेदरचा बादशहा' इथलाच. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली आणि विठोबा विठू महार होऊन धान्याचे पैसे भरायला याच दरबारात आला, ही ती गोष्ट. आणि १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. माझे उदगीरकडचे आजोबा 'जिल्ह्याला जाऊन येतो' म्हणायचे ते बिदरला. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या आणि बिदर आपल्या डोक्यातूनच गेलं.

पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीनं गुलबर्ग्याहून राजधानी इथं हलवली. किल्ल्यात शिरलं की सोळा खांबी मशीद, तिच्यासमोर लाल बाग, जवळच जुना शाही हमाम. या हमामात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम असं काही चमकतं की बघत राहावं. स्पेनचे मूर आणि आपले बहमनी यांचा थेट संबंध नाही, पण कमान, रंगीत फरशा, बाग, हमाम ही भाषा दोघांचीही सारखीच. बिदरला ती इराणी कारागिरांबरोबर आली.

त्याच वाटेनं महमूद गवान आला. इराणच्या गिलानचा व्यापारी, १४५३ मध्ये बिदरला पोचला आणि पुढे राज्याचा वजीर झाला. त्यानं १४७२ मध्ये बांधलेला तीन मजली मदरसा आजही गावात उभा आहे. म्हणजे अर्धा उभा आहे. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, आत दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि समोरच्या दोन मिनारांपैकी एकच उरला. त्या मिनारावरच्या निळ्या-हिरव्या फरशा अजून ऊन झेलतायत.

गवानचा शेवट मात्र वाईट झाला. दरबारात बाहेरून आलेले 'आफाकी' आणि इथले 'दख्खनी' असे दोन गट. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि सुलतानानं शहानिशा न करता १४८१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं. वर्षभरात सुलतानही गेला आणि काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले. 'आपला' आणि 'बाहेरचा' या भांडणात कामाचा माणूस गेला. ओळखीचं वाटतंय ना?

पण मला सगळ्यात जास्त वेड लावलं ते जमिनीखालच्या गोष्टीनं. करेझ! ही पण इराणी विद्या. जिथं जमिनीत पाणी सापडतं तिथं एक मूळ विहीर, तिथून खडकातून अगदी हलक्या उताराचा बोगदा, आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी. त्यांतून खोदताना माती वर काढायची, पुढे आत हवा जाते आणि गाळ काढायला माणूस उतरतो. पंप नाही, वीज नाही. नौबादचा करेझ दोन किलोमीटरहून लांब आहे आणि त्याला २१ विहिरी आहेत. बिदरचा जांभा खडक पाणी मुरवतो आणि खोदायलाही सोपा, म्हणून इथं हे जमलं.

त्या विहिरीत डोकावताना मला एप्रिल २०१६ आठवला. मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं तेव्हाचे दिवस. मामाच्या घरी भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घातलं जायचं. मामी रात्री टँकरच्या आवाजावर कान ठेवून झोपायची. त्या घरापासून बिदर काही फार लांब नाही.

करेझनं आज लातूरची तहान भागेल असं मी म्हणत नाही. माणसं वाढली, बोअर हजार फुटांवर गेले, जमीनही वेगळी. पण एक गोष्ट कुठल्याही सिस्टिमला लागू आहे: बांधणारे गेल्यावर कुणीतरी दरवर्षी गाळ काढावा लागतो. तो थांबला की बोगदा बुजतो, आणि मग आपण रेल्वेची वाट बघत बसतो.

असो. परतल्यावर त्या मित्राला मिनाराचे फोटो दाखवले. त्यानं विचारलं, "हे कुठल्या देशात?" म्हटलं, आजोबांच्या जिल्ह्यात.