मुख्य पेठेत पाऊल ठेवण्यापूर्वी

गावाची मुख्य पेठ मंदावली की ते सर्वांत आधी दुकानदाराला कळतं. बोहनीला दुपार होऊ लागते, शेजारच्या गाळ्याचं शटर महिना महिना उघडत नाही आणि वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड कधी उठून गेलं ते कुणाला आठवत नाही. नगरपालिकेच्या हे ध्यानात यायला आणखी काही वर्षं जातात. मग नवी फरशी, नवे दिवे, वेशीवर कमान असा आराखडा मंजूर होतो. पेठ मंदावते कशामुळे, आणि शहर चालवणाऱ्यांनी मनावर घेतलं तर ती पुन्हा भरते का, या दोन प्रश्नांभोवती आपली अभ्यासशाखा उभी आहे.

तिला स्वतःचं असं एक घर नाही. नगररचना, अर्थशास्त्र, वाहतूक, वारसा-जतन, भाडेकायदा अशा अनेक वाटांनी माणसं इथे येतात. त्यामुळे नवख्या वाचकाने बिचकू नये. दुकानदाराच्या घरात वाढलेल्या विद्यार्थ्याने तर अर्धा अभ्यासक्रम गल्ल्यामागे बसूनच पुरा केलेला असतो.

सुरुवात मी व्हिएन्नाहून निघालेल्या दोन माणसांपासून करते. १९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला आणि तिथल्या हजारो ज्यूंना देश सोडावा लागला. त्यांत व्हिक्टर ग्रुएन हा वास्तुरचनाकार होता आणि मॅक्स हेलर हा एकोणीस वर्षांचा तरुण होता. दोघंही अमेरिकेत पोचले. माणसांनी पायी भरलेले रस्ते आणि उघड्यावर मांडलेली कॉफीची टेबलं दोघांच्याही आठवणीत होती.

ग्रुएनने त्या आठवणीला छप्पर घातलं. मिनेसोटातल्या एडायना इथे १९५६ साली त्याचा साउथडेल मॉल उघडला. अमेरिकेतला हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल. त्याच वर्षी आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. नवी घरं शहराबाहेर, त्यांच्याकडे जाणारे रस्ते सरकारी खर्चाने आणि रस्त्याच्या टोकाला फुकट पार्किंगचा मॉल, असं ते गणित जमलं. गावोगावच्या मुख्य रस्त्यांचं गिऱ्हाईक त्या दिशेने निघून गेलं. ग्रुएनला मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने असलेलं गाव हवं होतं. भोवती प्रत्यक्षात डांबर पसरलं, आणि उतारवयात त्याने या मॉलांचं पितृत्व नाकारलं.

मधल्या काळात त्याने जुन्या पेठा वाचवण्याचाही प्रयत्न केला. १९५९ साली मिशिगनमधल्या कॅलामाझू शहराने त्याच्या योजनेच्या आधारे बर्डिक स्ट्रीटचा काही भाग गाड्यांना बंद केला. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोने फुल्टन स्ट्रीट बंद करून तिथे झाडं, कारंजी आणि शिल्पं मांडली. पुढे सुमारे दोनशे अमेरिकी शहरांनी हीच वाट धरली. बहुतेक ठिकाणी गाड्या गेल्या, पण माणसं आली नाहीत. फ्रेझ्नो उत्तरेकडे पसरत राहिलं आणि २०१७ साली फुल्टन स्ट्रीट गाड्यांसाठी पुन्हा खुला झाला.

नेमका हाच उपाय कोपनहेगनमध्ये लागू पडला होता. तिथला स्ट्रॉयेट रस्ता १९६२ साली प्रयोग म्हणून गाड्यांना बंद झाला. दुकानदारांचा विरोध होता, थंडीच्या देशात उघड्यावर कोण बसणार अशी शंका होती. तरीही रस्ता भरला, कारण त्या शहरात माणसं पेठेपासून चालण्याच्या अंतरावर राहत होती, सायकलीने येत होती. नवख्या अभ्यासकाला मी हा धडा सर्वांत आधी देते: आराखडा पाहताना कागदाच्या कडेबाहेर काय आहे ते विचारा.

आता हेलर. दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल या कापडगिरण्यांच्या गावी तो शर्टांच्या कारखान्यात झाडू मारण्याच्या कामावर लागला, पुढे स्वतः कारखानदार झाला आणि १९७१ साली गावाचा महापौर झाला. तोवर गिरण्यांना उतरती कळा लागली होती आणि मेन स्ट्रीट ओस पडत होता. हेलरने रस्ता बंद केला नाही, अरुंद केला. लॉरेन्स हॅलप्रिन या भूदृश्यरचनाकाराच्या आराखड्यानुसार चार मार्गिकांच्या दोन झाल्या, वाचलेल्या जागेत रुंद पदपथ, झाडं आणि तिरकं पार्किंग आलं. गाडी राहिली, पण तिला सावकाश जावं लागलं. त्याच्या जोडीला महापालिकेने सरकारी आणि खासगी पैसा एकत्र आणून मोठं हॉटेल उभं करवलं. ते १९८२ साली उघडलं, तेव्हा हेलर महापौरपदावर नव्हता.

मला ग्रीनव्हिलचं मोल वाटतं ते या शेवटच्या गोष्टीसाठी. सत्ता बदलली, माणसं बदलली, तरी काम त्याच दिशेने चालू राहिलं. गावातून रीडी नदी वाहते. गिरण्यांच्या रंगांनी ती एके काळी रंगून जायची, आणि तिच्या धबधब्यावर १९६० साली चार मार्गिकांचा पूल टाकून तो झाकून टाकला गेला होता. १९९५ साली निवडून आलेल्या नॉक्स व्हाइट या महापौराच्या कारकिर्दीत, २००२ साली, तो धडधाकट पूल पाडला गेला. वाहतूक तुंबेल म्हणून विरोध झालाच. २००४ साली तिथे बाग आणि पायी चालणाऱ्यांचा झुलता पूल खुला झाला आणि मेन स्ट्रीटला पुन्हा एकदा धबधबा लाभला. हेलरच्या निवडणुकीपासून इथवर तेहेतीस वर्षं झाली होती. पेठेच्या कामाचं माप हे आहे, आणि आपल्या पाच वर्षांच्या सभागृहांना ते मोठं वाटेल.

या चिकाटीला संस्थेचं रूप देण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा-जतन संस्थेने केला. १९७७ साली गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या गावांत तिने पेठेसाठी एकेक पगारी व्यवस्थापक नेमला. या माणसाचं काम रोजचं: रिकामा गाळा कुणाला देता येईल, पाट्यांमागे झाकलेला जुना दर्शनी भाग कसा मोकळा होईल, सणाला काय करायचं, दुकानदारांना एका बैठकीला कसं आणायचं. मॉलला व्यवस्थापक असतो आणि पेठेला नसतो, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. १९८० साली त्यातून राष्ट्रीय मेन स्ट्रीट केंद्र उभं राहिलं.

मराठी वाचकाने हे सारं वाचावं, पण औषधाची चिठ्ठी जशीच्या तशी उचलू नये. तिथल्या पेठा ओस पडल्या, आपल्या बहुधा गुदमरतात. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गर्दी आणा असं कुणी म्हणणार नाही. तिथे प्रश्न चालायला जागा मिळण्याचा आहे. ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त महापालिका त्याचा एक टप्पा गाड्यांना बंद ठेवू लागली आहे, आणि विसर्जन मिरवणुकीला हा रस्ता माणसांचा असतो हे पुणेकरांना सांगायला नको. शिवाय जुन्या भाडेकरूंचं संरक्षण, पागडी आणि पथारीवाले हे घटक अमेरिकी पुस्तकांत सापडणार नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या. पथारीवाल्यांना ‘अतिक्रमण’ याच रकान्यात टाकून काढलेला आराखडा त्यामुळे अभ्यास म्हणूनही अपुरा आणि न्याय म्हणूनही.

एक प्रश्न मात्र सर्वत्र सारखा बोचतो. पेठ सुधारली की भाव चढतात, आणि ज्यांनी वाईट दिवसांत ती धरून ठेवली तेच आधी बाहेर पडतात. यावर पूर्ण उत्तर कुठल्याच शहराकडे नाही. तुमच्यापैकी कुणी आयुष्य घालावं असा हा विषय आहे.

पहिल्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांना पुस्तक देत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या कुंटे चौकात सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर दहा दहा मिनिटं उभं राहून मोजायला सांगते: पायी किती गेले, दुचाकीवर किती, टेकायला जागा शोधणारी म्हातारी माणसं किती. मग शेजारच्या दुकानदाराला विचारायचं, तुमचं गिऱ्हाईक येतं कसं? ब्रिस्टलसारख्या शहरांतल्या पाहण्यांत दुकानदारांनी गाडीने येणाऱ्यांचा आकडा खऱ्यापेक्षा बराच जास्त धरलेला आढळला. आपल्याकडे काय निघतं ते वहीत लिहून आणा, मग पहिलं प्रकरण उघडू.