लेखणी कोणाच्या हाती? : वहीपासून सामायिक स्प्रेडशीटपर्यंत

धार्मिक न्यासाचा सुवर्णमहोत्सव साजरा होतो तेव्हा मंदिराची प्रतिष्ठा, उपाश्रयाचे बांधकाम, पाठशाळा, चातुर्मास आणि दात्यांचे औदार्य यांचे कृतज्ञतेने स्मरण केले जाते. या सर्वांच्या पाठीशी उभी असलेली हिशेबाची वही मात्र सहसा कोणाला आठवत नाही. वस्तुतः समाज ज्या विश्वासाने दान देतो, त्या विश्वासाचा आधार ती वहीच असते. त्या वहीत लिहावे कोणी, वाचावे कोणी आणि लिहिलेले बदलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न फार जुना आहे. वहीची जागा संगणकावरील सामायिक स्प्रेडशीटने घेतल्यापासून तो पुन्हा नव्याने उभा राहिला आहे.

वहीची अंगभूत मर्यादा

लाल कापडात बांधलेली, दोऱ्याने शिवलेली वही व्यापाऱ्यांच्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या नांदली. पानाला घड्या घालून रकाने पाडायचे, डावीकडे जमा व उजवीकडे नावे लिहायचे, रोजमेळावरून खतावणी करायची, असा तिचा रिवाज होता. दीपावलीला चोपडापूजनाच्या वेळी जैन पेढ्यांवर पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण करून वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष लिहिले जाई. या वहीला वेगळ्या कुलपाची फारशी गरज नव्हती. पान फाडले तर शिवण सांगे, खाडाखोड केली तर शाई सांगे, आणि दुसऱ्याने लिहिले तर अक्षर सांगे. चूक झाल्यास ती पुसण्याऐवजी उलट नोंद करून दुरुस्त करण्याची शिस्त होती. मुनीम लिहीत असे आणि शेठ तपासत असे. लिहिणारा व तपासणारा यांचे हे वेगळेपण हीच वहीची खरी सुरक्षा होती.

ही जाणीव केवळ आपल्याकडेच होती असे नाही. १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली याने दुहेरी नोंद पद्धतीचे विवेचन केले. व्यापाऱ्याने आपल्या वह्या प्रथम अधिकाऱ्याकडे नेऊन नोंदवाव्यात आणि त्यांत कोणाच्या हस्ताक्षरात लिहिले जाईल हेही तेथे सांगावे, असा सल्ला त्यात आहे. महाराष्ट्रात शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उमटविली जात असे. पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी काही भर घालू नये, हा तिचा अर्थ होता. लेखणीला मर्यादा असावी हे तत्त्व या दोन्ही उदाहरणांत सारखेच दिसते.

उपनगरांतील संघ आणि कायद्याचे बंधन

१९५० मध्ये व पुढे १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि मुलुंड, बोरिवली, दहिसरपर्यंतचा प्रदेश महानगरपालिकेत आला. काळबादेवी, भुलेश्वर येथील अनेक जैन कुटुंबे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथे येऊन वसली. जेथे वस्ती झाली तेथे कालांतराने देरासर, उपाश्रय आणि आयंबिल खाते उभे राहिले. याच काळात मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू झाला. २०१२ मध्ये त्याच्या नावात ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ असा बदल झाला. न्यासाने नियमित हिशेब ठेवावेत, ते सर्वसाधारणपणे ३१ मार्च रोजी मिळवावेत आणि लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावेत, असे हा कायदा सांगतो. हाती असलेली रोकड व व्हाउचरे वहीशी जुळली काय, हेही लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात नमूद करावे लागते.

श्वेतांबर मूर्तिपूजक संघांवर याहून जुने एक बंधन आहे. जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका या सात क्षेत्रांचे द्रव्य वेगळे ठेवावे लागते. खालच्या क्षेत्राचे द्रव्य वरच्या क्षेत्रासाठी वापरता येते, परंतु वरचे खाली आणता येत नाही. देवद्रव्याची रक्कम चुकून साधारण खात्यात गेली, तर बेरीज बरोबर राहते, पण दोष लागतो. अशी चूक ताळेबंदाच्या शेवटच्या आकड्यावरून कधीच दिसणार नाही. म्हणून न्यासाच्या वहीत प्रत्येक नोंद मूळ जागी सुरक्षित राहणे अत्यावश्यक ठरते.

संगणकाचे आगमन

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिसिकॅल्क’ ही स्प्रेडशीट बाजारात आणली. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. १९८६ साली बेंगळुरूमध्ये गोएंका पितापुत्रांनी पुढे ‘टॅली’ नावाने घरोघरी पोहोचलेल्या प्रणालीची सुरुवात केली. २००६ मध्ये गुगलने एकच शीट अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय दिली. बेरजेचे श्रम वाचले, परंतु शिवण, शाई आणि हस्ताक्षर हे तीनही साक्षीदार नाहीसे झाले.

समजा, पर्युषणात चौदा स्वप्नांच्या बोली सहा कार्यकर्ते एकाच शीटवर मोबाईलमधून नोंदवीत आहेत. एकाने केवळ नावांचा रकाना अकारविल्हे लावला, तर सर्व नावे वर-खाली होतात आणि रकमा जागच्या जागी राहतात. एकूण बेरीज तीच दिसते, मात्र प्रत्येक दात्यापुढे दुसऱ्याचीच रक्कम येते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. तथापि संशय मात्र सहाही जणांवर येतो.

दोन धडे

२००२ मध्ये अमेरिकेतील ऑलफर्स्ट बँकेत चलनव्यवहार करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने लपविलेला सुमारे ६९ कोटी डॉलरचा तोटा उघडकीस आला. त्याच्या व्यवहारांचे मूल्य ज्या विनिमयदरांनी तपासले जाई, ते दर त्याच्याच संगणकावरील स्प्रेडशीटमधून येत होते. ज्याची तपासणी करावयाची, त्याच्याच हाती माप दिले गेले होते.

दुसरा धडा मुंबईतलाच आहे. २०१८ मध्ये फोर्ट भागातील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतील प्रकरण उघड झाले. प्रारंभी जाहीर झालेली रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपयांची होती. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट प्रणालीवरून जात होते, पण बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंदच होत नव्हती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना या दोन प्रणाली ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडण्यास सांगितले.

नव्या वहीची शिस्त

एक्सेलमध्ये सर्व सेल मुळात ‘लॉक’ असतात, परंतु शीट ‘प्रोटेक्ट’ केल्याशिवाय ते कुलूप लागत नाही. म्हणून नोंद करावयाचे सेल प्रथम मोकळे करून मग शीट प्रोटेक्ट करावी लागते. हे कुलूप अनवधानाने होणाऱ्या चुकीपासून वाचवते. ते सुरक्षेचे साधन नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. गोपनीय शीटसाठी फाईल उघडण्याचाच पासवर्ड हवा. ऑनलाईन शीटवर केवळ पाहणारा, शेरा देणारा आणि बदल करणारा अशा तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर अनेकांना स्थान द्यावे, तिसरीवर मोजक्यांनाच.

कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास अशी शीट ठेवते. परंतु सर्वांनी एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड वापरला, तर त्या इतिहासात एकच नाव उरते आणि हस्ताक्षर दुसऱ्यांदा नाहीसे होते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत बंद न करता येणारी बदलनोंद सक्तीची झाली आहे. न्यासांनी हे तत्त्व स्वेच्छेने स्वीकारण्यास काहीच हरकत नसावी.

शीटची मालकी एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्यावर न ठेवता न्यासाच्या खात्यावर असावी. विश्वस्त बदलल्यास कायद्याप्रमाणे ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. शीटवरील निवृत्त व्यक्तीचा अधिकार मात्र त्याच दिवशी काढून घ्यावा. त्यात अनादर मानण्याचे कारण नाही. किल्ल्या सुपूर्द करूनच सन्मानाने निरोप घेण्याची आपली परंपरा आहे.

कुलूप अविश्वासाचे चिन्ह आहे, हा समज दूर झाला पाहिजे. निःस्वार्थ सेवा करणाऱ्या कार्यकर्त्यावर उद्या अकारण ठपका येऊ नये, यासाठी ते असते. हिशेब सर्वांना दिसावा, लेखणी थोड्यांच्या हाती असावी आणि प्रत्येक नोंदीला लिहिणाऱ्याचे नाव असावे. जुन्या वहीने जपलेली ही मर्यादा नव्या वहीतही राहिली, तर पुढील पन्नास वर्षांतील विश्वस्तांना समाजासमोर ती निर्भयपणे उघडता येईल.