प्रकाशध्वनिक कोठीची जडणघडण

२७ ऑगस्ट १८८० रोजी बोस्टन येथे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने चार्ल्स सम्नर टेंटर याच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या फोटोफोनचे वर्णन विद्वत्सभेपुढे केले. प्रकाशकिरणांवरून भाषण वाहून नेणारे हे यंत्र लोकांच्या कुतूहलाचा विषय झाले खरे. परंतु त्याच निबंधातील दुसरे निरीक्षण शास्त्रदृष्ट्या अधिक फलदायी ठरले. खंडित केलेला सूर्यप्रकाश एखाद्या पदार्थाच्या पातळ चकतीवर पाडला असता तिच्यातूनच नाद उमटतो, असे बेलला आढळले होते.

हा नाद कशामुळे होतो, याविषयी तत्काळ वाद उपस्थित झाला, आणि त्याचे पडसाद परिभाषेत उमटले. रॅले याने तापमानाच्या चढउतारामुळे चकती वाकते असे मानले, तर प्रीस याने बंद कोठीतील हवेच्या आकुंचन-प्रसरणाकडे बोट दाखविले. काजळी फासताच नाद वाढतो, ही गोष्ट हवेच्या पक्षाला पोषक होती. पॅरिसमधील मर्काडिए याने 'रेडिओफोनी' ही संज्ञा योजिली व बेलनेही ती स्वीकारली, कारण केवळ दृश्य प्रकाशच नव्हे तर अदृश्य उष्णताकिरणही नाद निर्माण करीत होते. पुढे 'ऑप्टोअकूस्टिक' हे नाव रूढ झाले. परंतु ध्वनीने प्रकाशावर घडविलेल्या परिणामाच्या नावाशी त्याचा घोटाळा होऊ लागल्याने १९७० नंतरच्या दशकात 'फोटोअकूस्टिक' हा शब्द पुढे आला. नामांतर हा येथे केवळ शब्दच्छल नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१८८१ मध्ये टिंडल याने वायू व बाष्पे यांवर हाच प्रयोग केला. पाण्याची वाफ उष्णताकिरण शोषते की नाही, याविषयी त्याचा माग्नुसशी जुना वाद होता. माग्नुस १८७० मध्येच निवर्तला होता, तथापि टिंडलला आपल्या मताचा पुरावा आता कानाने ऐकता आला. मात्र कान मोजमाप देत नाही. १८८१ नंतर हा विषय सुमारे अर्धशतक मागे पडला, याचे कारण प्रतिभेच्या अभावात नसून साधनांच्या अभावात शोधावे लागते. १९३८ मध्ये रशियात व्हाइंगेरोव्ह याने मायक्रोफोन वापरून वायुमिश्रणाचे विश्लेषण केले. १९६८ मध्ये कर व अ‍ॅटवुड यांनी लेसर योजिला.

१९७१ मध्ये क्रॉइट्झर याने नायट्रोजनमधील मिथेन अब्जांशात सुमारे दहा भाग इतका अल्प असताना ओळखला. बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर चंद्रकुमार पटेल हे त्या काळी अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये होते. क्रॉइट्झरसह त्यांनी हीच रीत हवेतील नायट्रिक ऑक्साइडसाठी वापरली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बलूनमधील मापनांचा संबंध तर थेट ओझोनच्या प्रश्नाशी होता.

आता अडचण कोठीचीच होती. तिच्या खिडक्याही थोडा प्रकाश शोषतात आणि खोटा नाद उत्पन्न करतात. कोठी लहान केल्यास नाद वाढतो, पण कमी कंप्रतेवर गोंगाटही भरपूर असतो. १९७३ मध्ये ड्यूई, कॅम व हॅकेट यांनी कोठीलाच अनुस्पंदक बनविले: प्रकाश खंडित करण्याची कंप्रता कोठीच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळविली की ऊर्जा आवर्तनागणिक साठत जाते. दोन्ही टोके उघडी असलेली दहा सेंटिमीटर लांबीची नलिका, टोकांची दुरुस्ती सोडल्यास, हवेत सुमारे १७१५ हर्ट्झला अनुस्पंदित होते. तिच्या मध्यावर दाबाचा बदल सर्वाधिक असल्याने मायक्रोफोन तेथेच बसवितात. दोन्ही टोकांना पाव तरंगलांबीची, म्हणजे पाच सेंटिमीटरची, रुंद दालने जोडल्यास खिडक्यांचा गोंगाट बराच अडतो.

परंतु अनुस्पंदन जितके तीव्र, तितके ते नाजूक. तापमान एका अंशाने वाढले की ही कंप्रता सुमारे तीन हर्ट्झने सरकते. गुणांक पन्नास असेल तर अनुस्पंदनाची रुंदी चौतीस हर्ट्झ असते व हा फरक जाणवतही नाही. तो पाचशे असेल तर तेवढ्याने मापन विस्कटते. केवळ गुणांक वाढविण्याच्या मागे लागणारा रचनाकार येथेच फसतो.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात कोस्टेरेव्ह व त्याचे सहकारी यांनी अनुस्पंदनाचे स्थानच बदलले. घड्याळातील ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झचा स्वरकाटा घेऊन त्याच्या दोन भुजांमधील फटीतून त्यांनी लेसरकिरण नेला. आता नाद साठविण्याचे काम कोठीकडे न राहता काट्याकडे गेले. तथापि काट्याच्या दोन्ही बाजूंना बारीक नलिका जोडण्याची प्रथा पडली आहे, आणि त्यांची लांबी ठरविताना पुन्हा जुनेच गणित करावे लागते.