डार्विन यांच्या पत्रांतल्या बायका



पेरणीसाठी बी राखताना आपण काय करतो? राशीतली भरदार, न किडलेली कणसं निवडतो आणि वेगळी बांधून ठेवतो. पुढचं पीक तसंच यावं म्हणून. चांगल्या दुधाच्या शेळीची पाठही आपण अशीच राखतो.

या निवडीवरूनच इंग्लंडमधल्या चार्ल्स डार्विन यांनी एक मोठा विचार मांडला. त्यांचं पुस्तक १८५९ साली आलं. त्यांचं म्हणणं असं की, माणूस जशी निवड करतो तशी निसर्गातही होते. ज्याला तगता येतं त्याची पिल्लं जास्त जगतात, आणि फार मोठ्या काळात जीवांच्या जाती बदलत जातात. यालाच उत्क्रांती म्हणतात.

आपल्याला वाटतं, हे सगळं एका हुशार माणसाला एकट्यालाच सुचलं. जॅनेट ब्राउन या विज्ञानाच्या इतिहासकार. त्यांनी डार्विन यांचं चरित्र दोन खंडांत लिहिलं, पहिला १९९५ साली आणि दुसरा २००२ साली. ब्राउनबाईंनी दाखवलं की लंडनजवळच्या एका खेड्यातल्या घरात बसून डार्विन जगभर पत्रं पाठवत होते. कबुतरं पाळणारे, माळी, पशुपालक, प्रवासी, सगळ्यांना ते प्रश्न विचारत. मोठा विचार उभा राहिला तो अनेकांच्या निरीक्षणावर, टपालावर आणि घरच्या माणसांच्या कष्टांवर.

ही पत्रं जमवून छापायचं काम १९७४ साली सुरू झालं. ब्राउनबाईंनीही त्यात संपादनाचं काम केलं. जवळजवळ पन्नास वर्षांत त्याचे ३० खंड झाले. सुमारे १५,००० पत्रं! त्यांत बायकाही भेटतात. अमेरिकेतल्या मेरी ट्रीट किडे खाणाऱ्या झाडांचं निरीक्षण करत. डार्विन यांनी १८७५ सालच्या पुस्तकात त्यांचं नाव घेतलं. डार्विन यांच्या पत्नी एमा मुद्रितं वाचत. मुलगी हेन्रिएटा हिने तर वडिलांच्या मानवावरच्या पुस्तकाचा मजकूर तपासला, भाषा सुधारली.

आता गंमत बघा. १८७१ सालच्या याच पुस्तकात लिहिलं होतं की बुद्धीत पुरुष बाईपेक्षा वरचढ आहे. मुलीने तपासलेल्या पुस्तकात!

दहा वर्षांनी, १८८१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या कॅरोलाइन केनर्ड यांनी डार्विन यांना पत्र लिहिलं. बायकांच्या एका सभेत कुणीतरी या पुस्तकाचा आधार देऊन बाई कमीच असते असं सांगितलं होतं. केनर्डबाईंनी विचारलं, तुम्हाला खरंच असं म्हणायचं आहे का? डार्विन यांनी उत्तर दिलं. बायका स्वभावाने चांगल्या असतात, पण बुद्धीत कमी, असंच त्यांचं मत होतं. बरोबरी साधायची तर बायकांनाही पुरुषांसारखं कमावतं व्हावं लागेल, असंही त्यांनी लिहिलं.

केनर्डबाई गप्प बसल्या नाहीत. जानेवारी १८८२ मध्ये त्यांनी परत लिहिलं. त्याचा सारांश असा: नवरा ठरलेले तास काम करतो आणि बायको पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, तर त्या घरात कमावणारं कोण? आधी बाईला पुरुषासारखी परिस्थिती आणि संधी द्या, मग तिची बुद्धी मोजा.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये डार्विन वारले.

मैत्रिणींनो, उत्क्रांतीचा विचार आजही भक्कम उभा आहे. पण बाईच्या बुद्धीबद्दलचं मत हा निसर्गाचा नियम नव्हता. ते त्या काळाच्या रिवाजातून आलं होतं. मोठ्या माणसाची एक गोष्ट खरी निघाली म्हणून त्याचं प्रत्येक म्हणणं खरं ठरत नाही. हे आपल्याला आज कळतं, कारण केनर्डबाईंचं पत्र जपलं गेलं आणि कुणीतरी ते वाचलं.

आपल्या गटातही कोणतं बी कोणी राखलं, कोणत्या रोगावर कोणाचा उपाय लागू पडला, हे वहीत नावासकट लिहून ठेवा. पुढे कुणी इतिहास लिहायला बसलं, तर आपलं नाव सापडायला हवं.